पातेल्यातले दगड

दार उघडलं आणि उदबत्तीच्या धुराचा लोटच अंगावर आला.

"अहो, हे काय? घराचं देऊळ केलंय का?"

हॉलच्या तिन्ही खिडक्या घट्ट लावलेल्या, पडदे ओढलेले. दाराच्या फटीत आतून ओला टॉवेल कोंबलेला होता, तो पायात आला आणि मी पडता पडता वाचले. एप्रिल महिना, सांगलीचं ऊन, रविवारची दुपार. असल्या उन्हाळ्यात आम्ही माणसं बारीकशा वाऱ्यासाठी गॅलरीच्या दारात उशी घेऊन लोळतो. आणि माझा नवरा फरशीवर, सोफ्याला पाठ लावून, अंगावर घोंगडी घेऊन बसला होता. दात वाजत होते.

"थंडी वाजतेय," अभिनंदन म्हणाले. "आणि तोंडाला कसली तरी चव आलीय. पितळेचं भांडं चाटल्यासारखी."

"लग्नाचं आम्ही जेवलो आणि दुखणं तुम्हाला आलं? बरंय."

मी, सासरे आण्णा आणि माझी पाच वर्षांची ऋजुता असे तिघं जयसिंगपूरच्या एका लग्नाहून परतलो होतो. दुकानाचं काम आहे म्हणून अभिनंदन घरी थांबले होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि रविवारी ते कधीच उघडत नसे, हे मला ठाऊक होतं. पण नवरा-बायकोत प्रत्येक खोटं लगेच पकडायचं नसतं.

मागून आण्णा आत आले. नेहमीसारखा उजवा हात कानशिलाशी धरला, घोड्याला झापड लावतात तसा, आणि भिंतीच्या बाजूनं आपल्या खोलीत निघून गेले.

"आजोबांनी परत डोळ्याला हात लावला," ऋजुता म्हणाली.

"बघू नकोस. चप्पल काढ."

आण्णांनी हात लावला होता तो हॉलमधल्या काचेच्या टाकीकडे बघायला नको म्हणून. चार फुटांची टाकी, खाऱ्या पाण्याची. अभिनंदननी मुंबईत एका गिऱ्हाइकाच्या घरी तसली बघितली आणि घरी आले ते वेड घेऊनच. समुद्र आमच्यापासून घाटापलीकडे, पण समुद्राचा एक तुकडा आमच्या हॉलमध्ये हवा. गोड्या पाण्यातले मासे पोरंटोरंही पाळतात. खाऱ्या पाण्याचं तसं नाही. उन्हानं पाणी आटलं की मीठ वाढतं. मीठ वाढलं की कोण तरी मरतं. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की अभिनंदन वाटीनं पाणी वरून ओतत बसणार, तेही रात्र रात्र. एकदा लग्नाच्या वाढदिवसाला मी नवी साडी नेसून तयार झाले, तेव्हा हा माणूस टाकीत खांद्यापर्यंत हात घालून मेलेली चांदणी, म्हणजे तारामासा, शोधत होता. ती विरघळली होती. सापडेपर्यंत पाणी नासलं आणि दोन मासे गेले. मी म्हणायचे, लोक मासे पाळतात, तुम्ही पाणी पाळलंय.

मला वैताग यायचा. आण्णांचं दुखणं त्याहून मोठं होतं. आम्ही जैन. आण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले, सासूबाई गेल्यापासून तर पुरते धर्माकडे वळलेले. सूर्य मावळला की पाण्याचा घोट नाही, कांदा-बटाटा नाही, वाटेत मुंगी दिसली तर पाय उचलून बाजूला टाकायचे. आणि त्यांच्या मुलाच्या घरात, गॅलरीत, कुलूप लावलेल्या छोट्या फ्रीजमध्ये गोठवलेली कोळंबी होती. माशांना घालायला. ते ज्या दिवशी आण्णांना कळलं त्या दिवसापासून बापलेकाचं बोलणं बंद झालं. वर्ष होत आलं होतं. काही सांगायचं तर ऋजुतामार्फत. "बाबाला सांग, गॅसवाला येऊन गेला." "आजोबांना सांग, पेन्शनची पावती टेबलावर आहे." बाबा आणि आजोबा एकाच खोलीत असताना.

त्या वर्षी टाकीत नवीन संकट आलं होतं. पुण्याच्या एका दुकानातून आणलेल्या दगडावर तपकिरी-हिरवी, बटणाएवढी फुलं होती. हात लावला की मिटायची. आधी अभिनंदनना केवढा आनंद! मग ती बटणं वाढायला लागली. एका दगडावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. बाकीचं सगळं त्यांच्याखाली गुदमरून मेलं. खरवडली तर दुप्पट येत. दुकानदार म्हणाला, दगड फेकून द्या. ते काही अभिनंदनना जमेना. म्हणायचे, दगडावरच सगळी टाकी जगते, दगड फेकला तर उरलेले मासेही जातील.

"उठा, आत झोपा," मी म्हटलं. खिडक्या उघडल्या. उदबत्तीच्या वासाखाली आणखी काहीतरी होतं, खारट, ओलसर. टाकीचाच वास असेल म्हणून मी सोडून दिलं.

संध्याकाळी त्यांना खोकला सुरू झाला. साधा नाही. छातीत कोणी फडकं पिळतंय असा. श्वास घेताना खांदे वर जायला लागले. पाय दुखतात, मांड्या दुखतात म्हणून कण्हायला लागले. मी खालच्या मजल्यावरच्या उपाध्ये काकांना हाक मारली आणि त्यांच्या गाडीतून आम्ही दवाखाना गाठला. ऋजुताला उपाध्ये काकूंकडे ठेवलं. निघताना आण्णा खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी मला विचारलं नाही, अभिनंदनना तर नाहीच. नुसते उभे.

डॉक्टर हेरेकर तरुण होते, बोलणं मोजकं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का?"

"नाही."

"शेतावर गेला होतात? फवारणी वगैरे?"

"आम्हाला शेतच नाही," मी म्हटलं.

अभिनंदननी मान हलवली. पलंगाभोवती उपाध्ये काका आणि सोसायटीतले आणखी तिघं उभे होते. आमच्याकडे माणूस दवाखान्यात गेला की सोसायटी त्याच्यामागे जातेच. अभिनंदननी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटले.

सोमवारी सकाळी आण्णा ऋजुताला घेऊन आले. रिक्षानं, डबा घेऊन. पलंगाच्या पायथ्याशी थांबले. ऋजुता बाबाच्या हातावरच्या सलाईनच्या सुईकडे बघत होती. नर्सनं मला औषधांची चिठ्ठी दिली, म्हणून मी पोरीला घेऊन खाली मेडिकलमध्ये गेले. परत आले तर आण्णा पायथ्याशी नव्हते. उशाशी होते, पलंगाच्या कठड्यावर हात ठेवून, वाकलेले. मला बघून सरळ झाले.

"बरं, मी जातो," मला म्हणाले. "घरात काम हाय."

"कसलं काम? डबा मी आणते की संध्याकाळी. बसा जरा."

"न्हाई, जातो. चल गं ऋजू."

माझा जीव थोडा हलका झाला. इतक्या महिन्यांनी बाप उशाशी वाकला होता. दुखण्यानं का होईना.

दुपारी मात्र डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"बसा," म्हणाले. "यांची लघवी बघितलीत? काळसर झालीय. स्नायू झिजताहेत, त्याचा भार किडनीवर येतोय. फुप्फुसाला सूज आहे. साधा ताप असा करत नाही."

"मग काय आहे?"

त्यांनी आवाज खाली आणला. "मला विचारावं लागतंय म्हणून विचारतो. घरात काही वाद? काही टेन्शन? त्यांनी स्वतःहून काही घेतलं असण्याची शक्यता आहे का?"

मी बाकाची कड धरली.

कारण शनिवारी घरात भांडण झालं होतं. आण्णांनी सगळ्यांसमोर ऋजुताला सांगितलं होतं, "बाबाला सांग, एक तर ही काचेची पेटी घरात राहील न्हाईतर मी." आणि अभिनंदननी पोरीला मधे न घेता, बापाकडे न बघता म्हटलं होतं, "तुम्ही कशाला जाताय? मीच जातो कुठंतरी." मी तेव्हा हसले होते. म्हटलं, जाताना टाकी घेऊन जा. आता ते आठवलं. लावलेल्या खिडक्या. दारातला टॉवेल. उदबत्त्या. घरात कोणी नसताना. सगळं एकाला एक लागून डोळ्यांसमोर उभं राहिलं.

मी आत गेले. पलंगाजवळ त्या वेळी कोणी नव्हतं. मी त्यांच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क थोडा वर केला.

"काय घेतलंत तुम्ही?"

"अं?"

"काय घेतलंत? मला सांगा. मी रागावणार नाही. डॉक्टरांना सांगायला पाहिजे. शपथ आहे तुम्हाला ऋजूची."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना कळलं मी काय विचारतेय ते, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"वेडी आहेस का? विष घेईन मी?" खोकल्याची उबळ गेली, मग म्हणाले, "दगड उकळले गं."

"काय?"

"टाकीतले दगड. त्या बटणांना दुसरा इलाजच नाही. उकळत्या पाण्यात घातले की मुळासकट मरतात असं वाचलं होतं. पण घरात उकळायचं म्हणजे... समुद्रातलं सगळं शिजायला लागलं की वास सुटणारच. मासे शिजवल्यासारखा. खाली उपाध्ये, समोर चौगुले. उद्या सगळी सोसायटी म्हणेल, मगदुमांच्या घरात मासे शिजतात. आणि आण्णा? त्यांना कळलं असतं मी एवढे जीव पातेल्यात घालून... म्हणून तुम्ही लग्नाला गेलात तेव्हा केलं. सगळं बंद करून."

मी मटकन स्टुलावर बसले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी. दगड! या माणसानं दगड उकळले होते आणि मी त्याला मनातल्या मनात सरणावर ठेवून आले होते.

"मग काल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोंडाला काय झालं होतं?"

"सगळे उभे होते ना. आणि दगडाचा याच्याशी काय संबंध? उन्हात तापलो, मग टाकीच्या पाण्यात हात घालून बसलो, गारठलो असेन."

मी व्हरांड्यात जाऊन डॉक्टरांना सांगितलं. वाटलं, तेही हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी आत येऊन अभिनंदनना एकेक प्रश्न विचारला. कसले दगड? त्यावर काय होतं? बटणांचं इंग्रजी नाव काय? किती वेळ उकळलं? वाफ घरातच कोंडली होती? नाव कागदावर लिहून घेतलं आणि झपाझप आपल्या खोलीत गेले.

इकडे अभिनंदननी माझा हात धरला. इतक्या दुखण्यात त्यांचे डोळे चमकत होते.

"एक सांगू? आण्णा बोलले माझ्याशी."

"बघितलं मी. काय म्हणाले?"

"मी झोपेत बडबडत होतो म्हणे. दगड राहिले, दगड राहिले. अर्धेच झाले होते ना, अंगात हुडहुडी भरली म्हणून बाकीचे तसेच बादलीत ठेवले गॅलरीत. मला वाटलं रागावतील. तर त्यांनी विचारलं, कसं करतोस. पातेलं कुठलं घेतोस, किती वेळ ठेवतोस, खिडक्या लावतोस का. सगळं नीट विचारून घेतलं. म्हणाले, तू पडून राहा, मी बघतो."

मलाही बरं वाटलं. अगदी खरं सांगते, त्या क्षणी फार बरं वाटलं. एवढा ताठ म्हातारा, मुलाच्या आजारपणात विरघळला. मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला.

तेवढ्यात डॉक्टर आले. चालत गेले होते, पळत आले.

"मॅडम, घरी आत्ता कोण आहे?"

"सासरे. आणि मुलगी."

"उरलेल्या दगडांना कोणी हात लावू नका म्हणून फोन करा. आत्ता. मी पुण्याला आमच्या सरांशी बोललो. त्या जातीतल्या काहींच्यात विष असतं. फार जहाल. उकळलं की मरत नाही, वाफेत उतरतं. यांनी ती वाफ घेतलीय."

अभिनंदननी ऐकलं. त्यांचा हात वर झाला, दाराकडे, जा म्हणून.

घरचा फोन वाजत होता. वाजून वाजून बंद झाला. मी पुन्हा लावला. पुन्हा वाजला. आण्णांकडे मोबाईल नव्हता, त्यांना तो नकोच होता. उपाध्ये काकूंचा लागत नव्हता. मागून डॉक्टर ओरडून सांगत होते, "आत जाऊ नका, आधी बाहेरून खिडक्या उघडा, तोंडाला ओलं कापड बांधा, मी ॲम्ब्युलन्स पाठवतो." मी जिना उतरून रस्त्यावर आले आणि येईल ती रिक्षा धरली.

"भाऊ, पोरगी आहे माझी घरात. उडवा."

त्यानं विचारलं नाही काय झालंय ते. चौकातल्या पोलिसासमोरून त्यानं रिक्षा तशीच काढली. मला एकच दिसत होतं. ऋजुताला स्वयंपाकघरात स्टूल ओढून ओट्याशी उभं राहायची सवय. मी पोळ्या करताना, चहा करताना. पातेल्यात काही उकळत असलं की ती वाकून बघायची आणि म्हणायची, मम्मी, बुडबुडे. मी तिला शंभरदा दटावलं होतं, भाजेल म्हणून. आजोबा तिला दटावत नसत. आजोबा तिला काहीच म्हणत नसत. मी फोन कानाला लावूनच होते आणि तो तिकडे वाजतच होता. देवाला काय काय कबूल केलं मी त्या रिक्षात! पोरगी दे, बाकी सगळं ने. बाकी सगळं म्हणजे कोण कोण, याचा मी विचार केला नाही.

फाटकातून आत शिरताना वर बघितलं. दुसरा मजला. आमच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या.

मी जिना चढत ओरडत होते. "ऋजू! ऋजू!" दार आतून कडी लावलेलं. किल्ली फिरली, दार हललं नाही. खाली वाकले तर फटीत टॉवेल. आण्णांनी सगळं मुलानं सांगितल्याप्रमाणे नीट केलं होतं. मी दारावर डोकं आपटलं, मुठी आपटल्या.

"ऋजू! आण्णा!"

"मम्मी?"

आवाज मागून आला. खालच्या जिन्यात उपाध्ये काकूंच्या दारात ऋजुता उभी होती, तोंडाला राजगिऱ्याच्या लाडवाचा भुगा लागलेला.

मी किती पायऱ्या एकदम उतरले कोण जाणे. तिला उचललं, तिचं तोंड हुंगलं, छातीला कान लावला. ती वैतागली. "मम्मी, सोड ना! आजोबा म्हणाले खाली जाऊन खेळ. मला काम आहे म्हणाले."

"कधी?"

"मघाशी. खूप मघाशी."

काकू नाकाला पदर लावून वर बघत होत्या. समोरचे चौगुलेही दारात आले होते, त्यांच्या सूनबाई मागे. सगळ्यांची नाकं वर होती.

"रत्नप्रभा," काकू हळूच म्हणाल्या, "कसला गं वास येतोय तुमच्याकडनं? मी मघापासनं म्हणतेय ह्यांना. मासे..."

"होय काकू! मासेच शिजताहेत आमच्या घरात!" मी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडले. "दार फोडा! आण्णा आत मरताहेत, दार फोडा!"

चौगुल्यांच्या मुलानं पहार आणली. उपाध्ये काका गच्चीतून पाईपला धरून आमच्या गॅलरीत उतरले, त्या वयात, आणि काच फोडली. पहिली ती काच फुटली, मग दार. वाफेचा आणि उदबत्तीचा ढग जिन्यात आला. डोळे चुरचुरले. मी तोंडाला ओढणी बांधली. ॲम्ब्युलन्सची माणसं येईपर्यंत मला थांबायचं होतं. मी थांबले नाही.

आण्णा ओट्यापाशी खाली पडले होते. स्टूल बाजूला कलंडलेलं. गॅस बारीक चालू, वरचं मोठं पातेलं अजून खदखदत होतं. मी गॅस बंद केला आणि त्यांना काखेत हात घालून ओढलं. ओठ निळे झाले होते. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत होते. छातीतून पाण्यासारखा आवाज येत होता. चौगुल्यांच्या मुलानं दुसरी बाजू धरली.

त्यांना अभिनंदनच्या शेजारच्याच पलंगावर ठेवलं. मध्ये हिरवा पडदा होता, तो मी सरकवून टाकला.

दुसऱ्या दिवशी अभिनंदनच्या दुखण्याला उतार पडला. आण्णांच्या पडेना. डॉक्टर हेरेकर त्यांचा एक्स-रे उजेडाला धरून बराच वेळ उभे राहिले.

"एक कळत नाही मला," म्हणाले. "तुमचे मिस्टर वाफेत होते, पण आत-बाहेर करत होते. आजोबांच्या फुप्फुसात गेलंय ते फार जास्त. उभं राहून एवढं जात नाही. पातेल्यात तोंड घातल्यासारखं आहे हे. ते तिथं काय करत होते?"

मला काय माहीत? मला राग आला होता. भीती थोडी सरली की राग येतो. इतकी वर्षं मुंगीला वाट देणारा माणूस, यानं हे का करावं?

संध्याकाळच्या आत त्यांना थोडी शुद्ध आली. मास्क बाजूला करायला त्यांनी खूण केली.

"ऋजू?"

"बरी आहे. खाली होती म्हणून वाचली. तुम्ही तिला खाली धाडलंत म्हणून."

"पोरीनं असलं बघू नये," ते म्हणाले. एकेका शब्दाला थांबत होते. "जीव मारताना."

"मग तुम्ही कशाला मारलेत, आण्णा? तुम्ही?"

ते शेजारच्या पलंगाकडे बघत राहिले. अभिनंदनचे डोळे मिटलेले होते.

"त्यो सोडणार होता व्हय? घरी आला की उरलेलं करणारच. म्हटलं, एवढ्या जीवांचं पापकर्म त्यानं कशाला बांधायचं? त्याला अजून लई वर्सं काढायची हाईत. पोरगी हाय. माझं काय राहिलंय? मी बांधतो."

मी त्यांचा हात धरला. तो थंड होता.

"मिटत होती गं ती," ते म्हणाले. "पाणी तापंल तशी. एकेक. मला बघवंना. म्हटलं, मारतोयस तर निदान णमोकार तरी ऐकव."

आमच्यात माणूस जायला लागला की घरचं कोणीतरी त्याच्या कानाशी तोंड नेऊन णमोकार मंत्र म्हणतं. शेवटचं तेच कानावर पडावं म्हणून.

"त्यास्नी कान कुठलं?" आण्णा म्हणाले. "पाण्याचा आवाज मोठा. म्हणून स्टूल घेतलं आणि वाकून म्हणत हुतो. पातेल्यात तोंड घालून. सगळी मिटंस्तोवर." बराच वेळ त्यांना धाप लागली. मग त्यांनी विचारलं, "ऐकू गेलं असंल का गं?"

मी तोंड उघडलं, पण उत्तर शेजारच्या पलंगावरून आलं.

"गेलं असेल, आण्णा," अभिनंदन म्हणाले. डोळे उघडे होते त्यांचे, किती वेळ कोण जाणे. "नक्की गेलं असेल."

आण्णांनी मान हलवली. मी मास्क पुन्हा लावला.

बुधवारी दुपारी त्यांचा श्वास उतरायला लागला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि ते बाजूला झाले. मी पुढे होणार होते, पण अभिनंदन पलंगावरून उतरले. हाताला सलाईन तसंच, नर्स नको नको म्हणत होती. त्यांना धड उभं राहवत नव्हतं. ते गुडघ्यावर बसले, बापाच्या उशीवर डोकं टेकलं, कानाशी तोंड नेलं आणि म्हणायला लागले. धाप लागत होती, शब्द अर्ध्यात तुटत होते. तुटला की पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते. डॉक्टरांनी आण्णांच्या तोंडावरचा मास्क काढून घेतला, तरी ते म्हणतच होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"अहो. गेले आण्णा."

त्यांनी मान वर केली नाही.

"थांब," म्हणाले. "ऐकू जात असेल अजून."